आर भाषा शिकवताना एकच लेखनपद्धत का धरावी लागते?

एकाच प्रश्नाचे उत्तर काढण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती आर या संगणकभाषेत आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. जाणकाराला ती चैन वाटते. पहिल्यांदाच शिकणाऱ्याची अडचण मात्र नेमकी तिथेच सुरू होते.

आर ही खास संख्याशास्त्रासाठी घडवलेली, विनामूल्य मिळणारी भाषा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत संख्याशास्त्राची प्रात्यक्षिके आता याच भाषेत होतात. जीवशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्राचे विद्यार्थीही तिच्याकडे वळतात. यातल्या बहुतेकांनी आधी कधी प्रोग्रामिंग केलेले नसते. संख्याशास्त्र शिकायला आलेल्या या मुलांना वाटेत एक भाषाही शिकावी लागते. ती कशी शिकवावी, म्हणजे कोणत्या रीतीने कमांड लिहायच्या, मोकळी जागा कुठे सोडायची, नावे कशी द्यायची, यावर शिक्षकांमध्ये बरीच वर्षे चर्चा सुरू आहे.

तीन रीती कोणत्या?

अंटार्क्टिकातल्या पामर संशोधन केंद्राजवळच्या तीन बेटांवर मोजमाप केलेल्या ३४४ पेंग्विनांची माहिती हा सध्या जगभरच्या वर्गांमधला लाडका डेटा आहे. त्यात पक्ष्याची जात, बेट, चोचीची आणि पंखाची लांबी, वजन असे कॉलम आहेत. २०२५ मध्ये आलेल्या आर ४.५.० पासून तर तो आरबरोबरच मिळतो. समजा, शिक्षकांनी विचारले की या पेंग्विनांचे सरासरी वजन किती? आरला हा प्रश्न असा विचारता येतो (कमांड प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहिल्या जातात, इथे त्या वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत) :

मीन(पेंग्विन्स$वजन)

किंवा असा :

मीन(~ वजन, डेटा = पेंग्विन्स)

किंवा असाही :

पेंग्विन्स |> समराइज(मीन(वजन))

पहिली डॉलरची रीत. डॉलर चिन्हाच्या डावीकडे तक्त्याचे नाव, उजवीकडे कॉलमचे. दुसरी सूत्राची रीत. तिची खूण म्हणजे टिल्ड, ती नागमोडी रेघ. तिसरी टायडीव्हर्सची रीत. तिच्यात तक्ता आधी लिहितात आणि पाइप नावाच्या चिन्हातून तो एकेका क्रियेकडे पुढे पाठवतात. (सूत्राची रीत साध्या सरासरीसाठी चालावी म्हणून मोझेक नावाचे पॅकेज आधी जोडावे लागते.)

आता प्रश्न थोडा वाढवू. प्रत्येक जातीचे सरासरी वजन वेगवेगळे हवे आहे. डॉलरच्या रीतीत सरासरीचे फंक्शन बाजूला पडते आणि टीअ‍ॅप्लाय नावाचे नवेच फंक्शन पुढे येते. त्याच्या कंसात वजन, जात आणि मीन अशा तीन गोष्टी ओळीने द्याव्या लागतात. सूत्राच्या रीतीत जवळपास काहीच बदलत नाही :

मीन(वजन ~ जात, डेटा = पेंग्विन्स)

टायडीव्हर्समध्ये मधे एक कडी वाढते :

पेंग्विन्स |> ग्रुप_बाय(जात) |> समराइज(मीन(वजन))

तिन्हींचे उत्तर तेच. अडेली आणि चिनस्ट्रॅप ३७०० ग्रॅमच्या आसपास, जेंटू मात्र पाच किलोहून थोडा अधिक. तिन्ही ओळी शेजारीशेजारी ठेवल्या तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. या तीन भाषा नसल्या तरी तिघींचे व्याकरण वेगळे आहे. अमेरिकेतील संख्याशास्त्राच्या प्राध्यापक अमेलिया मॅकनमारा यांनी या तिन्ही रीती एकाच पानावर समोरासमोर मांडणारा तक्ता तयार केला आहे. आर शिकवणाऱ्या शिक्षकांत तो चांगलाच परिचित आहे.

इतक्या रीती आल्या कुठून?

कोणी एकाने बसून आखलेली ही भाषा नाही. आरची पूर्वज म्हणजे एस ही भाषा. तिची सुरुवात १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी केली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी एससारखीच दिसणारी आर घडवली. त्यामुळे एसच्या सवयी आरमध्ये वारशाने आल्या.

सूत्राची कल्पना त्याहूनही जुनी आहे. संख्याशास्त्रीय प्रारूपे चिन्हांत कशी लिहावीत याबद्दल विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ती कल्पना १९९२ च्या सुमारास टिल्डच्या रूपाने एसमध्ये आली. टिल्डच्या डावीकडे ज्याचे स्पष्टीकरण हवे ते, उजवीकडे ज्याने स्पष्टीकरण द्यायचे ते. आलेख काढण्यासाठीही हीच रीत वापरणारे लॅटिस हे पॅकेज दीपायन सरकार यांनी लिहिले. ते दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्राध्यापक आहेत आणि आरचा गाभा सांभाळणाऱ्या जागतिक गटाचेही सदस्य आहेत.

टायडीव्हर्स त्या मानाने अलीकडचा. हॅडली विकहॅम आणि सहकाऱ्यांनी लिहिलेली पॅकेजेस २०१६ मध्ये या नावाखाली एकत्र आली. पाइपचे चिन्ह २०१४ पासून पॅकेजमधून मिळत होते. २०२१ मध्ये आर ४.१.० सोबत भाषेने स्वतःचा वेगळा पाइप आणला. त्यामुळे पाइपही आता दोन प्रकारचे आहेत.

गंमत म्हणजे विकहॅम यांचेच आलेखांचे प्रसिद्ध पॅकेज जीजीप्लॉट२ पाइपच्या आधीचे आहे. म्हणून त्यात पायऱ्या जोडायला अधिकचे चिन्ह लागते, पाइप चालत नाही. म्हणजे एकाच घराण्यातल्या दोन पॅकेजेसमध्ये ‘आणि मग’ म्हणण्याची चिन्हे निराळी. ही चूक इतके जण करतात की पॅकेजच स्वतःहून विचारते : तुम्ही अधिकच्या जागी पाइप तर वापरला नाही ना?

नावांचेही तेच. आरमधल्या एका फंक्शनच्या नावात शब्दांमध्ये टिंब असते, दुसऱ्यात मधले अक्षर मोठे, तिसऱ्यात अधोरेषा, चौथ्यात दोन शब्द सरळ जोडलेले. २०१२ मध्ये रॅस्मुस बोथ यांनी आरच्या नियतकालिकात या विषयावर लिहिताना नावे देण्याच्या पाच वेगवेगळ्या प्रथा नोंदवल्या. टिंब इतके का बोकाळले यालाही कारण आहे. १९६३ च्या आस्की या चिन्हसंचात आज जिथे अधोरेषा आहे तिथे डावीकडे तोंड केलेला बाण होता. एसमध्ये तो किमती देण्यासाठी वापरला गेला आणि बाण जाऊन अधोरेषा आली तरी तिचे ते काम सुरूच राहिले. आरमध्येही सुरुवातीला अधोरेषेचा अर्थ ‘ही किंमत दे’ असाच होता. मग ती नावात कशी घालणार? २००४ च्या आर १.९.० पासून अधोरेषा नावात चालू लागली. तोवर टिंबाची हजारो नावे रूढ झालेली होती.

हा इतिहास कळला की भाषा विस्कळीत का दिसते ते समजते. पण पहिल्या तासाला बसलेल्या विद्यार्थ्याला यातले काहीच ठाऊक नसते.

नवशिक्याला त्याचा त्रास का होतो?

पहिलीच्या मुलाला अक्षरे शिकवताना काय करतात ते आठवून पाहावे. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात. कोणतीही चूक नाही. तरीही बाई फळ्यावर एकच तऱ्हा लिहितात, कारण दोन्ही दाखवल्या तर मूल विचारणार, हा कोणता ‘ल’ आणि तो कोणता? ज्या फरकाला अर्थ नाही त्या फरकाचा अर्थ शोधण्यात ते अडकेल.

आर शिकणाऱ्याचेही असेच होते. अनुभवी माणूस ओळ वाचताना अर्थ असलेल्या आणि नसलेल्या गोष्टी आपोआप वेगळ्या करतो. किंमत देण्यासाठी शिक्षकांनी सोमवारी बाण वापरला आणि बुधवारी बरोबरचे चिन्ह, तर त्यांना स्वतःला ते जाणवतही नाही. विद्यार्थी मात्र वहीत दोन्ही लिहून घेतो आणि विचार करत बसतो की बुधवारचे गणित वेगळ्या प्रकारचे होते का. एका उदाहरणात अवतरणचिन्हे दुहेरी, दुसऱ्यात एकेरी. एकदा स्वल्पविरामानंतर जागा, एकदा नाही. आरच्या दृष्टीने हे सगळे एकच. शिकणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक फरक हे एक कोडे. बुद्धीवर एका वेळी किती भार पेलवतो याचा अभ्यास जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकापासून केला. त्यांच्या मांडणीचा इथे लागू पडणारा भाग साधा आहे : शिकताना लक्ष मर्यादित असते आणि विषयाशी संबंध नसलेल्या गोष्टींनी ते खाल्ले तर विषयासाठी उरत नाही. ज्या तासाला नमुना आणि समष्टी यांतला फरक समजायला हवा, त्या तासाला मुले डॉलर कुठे लिहायचा ते शोधत असतात.

तीन रीतींमधला सर्वांत खोल फरक चिन्हांत नाही. नाव कुठे शोधायचे, या प्रश्नात तो आहे. डॉलरच्या रीतीत वजन कोणत्या तक्त्यात आहे ते दर वेळी सांगावे लागते. सूत्राच्या रीतीत ते ‘डेटा =’ लिहून एकदाच सांगायचे. टायडीव्हर्समध्ये तक्ता पाइपमधून आलेला असतो, म्हणून वजन नुसते लिहिले तरी चालते. तिसऱ्या रीतीत रुळलेला विद्यार्थी सहज नुसते मीन(वजन) लिहितो आणि आर उत्तर देते की वजन नावाची वस्तूच सापडली नाही. तक्ता तर समोर उघडा आहे, त्यात वजनाचा कॉलम दिसतो आहे, आणि संगणक म्हणतो नाही! इथे बरीच मुले ठरवून टाकतात की हे आपल्याला जमणारे नाही.

काही जण यावर अटॅच नावाच्या फंक्शनचा उपाय सांगतात. ते वापरले की कॉलमची नावे नुसती लिहिली तरी चालतात. पण अटॅच तक्त्याची एक प्रत जोडते. पुढे मूळ तक्त्यातले एखादे वजन दुरुस्त केले तरी जोडलेल्या प्रतीत जुनीच किंमत राहते आणि हिशेब तिच्यावर होत राहतो. नवशिक्यांना हे न शिकवलेलेच बरे.

रीती मिसळल्या तर उत्तर चुकते का?

बहुतेक वेळा चुकत नाही, आणि म्हणूनच मिसळण्याची सवय लागते. चुकते तेव्हा मात्र ते सहजी दिसत नाही. एक उदाहरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे.

पंखाच्या लांबीवरून पेंग्विनचे वजन सांगायचे आहे. त्यासाठी एलएम हे फंक्शन सरळ रेषेचे प्रारूप बसवते. ते सूत्राच्या रीतीने असे लिहितात :

एलएम(वजन ~ पंख, डेटा = पेंग्विन्स)

पण महिनाभर डॉलरची सवय झालेला विद्यार्थी दोन्ही रीती एकत्र करून असे लिहितो :

एलएम(पेंग्विन्स$वजन ~ पेंग्विन्स$पंख)

आर तक्रार करत नाही. दोन्हींचे उत्तर हुबेहूब सारखे येते. पंखाची लांबी एक मिलिमीटरने वाढली की वजन सरासरीने सुमारे ५० ग्रॅमने वाढते. विद्यार्थ्याला वाटते, आपली पद्धत चालते. पुढचा प्रश्न येतो : २०० मिलिमीटर पंखाच्या पेंग्विनचे अंदाजे वजन किती? त्यासाठी प्रेडिक्ट या फंक्शनला २०० ही किंमत असलेला एक ओळीचा नवा तक्ता द्यायचा.

पहिल्या प्रारूपाचे उत्तर येते सुमारे ४१५६ ग्रॅम. दुसरे प्रारूप मात्र पडद्यावर ३४४ आकडे ओतते आणि सोबत एक इशारा देते की नव्या तक्त्यात एकच ओळ होती, पण सापडलेल्या चलांत ३४४ आहेत. झाले असे की त्या प्रारूपात चलाचे नाव ‘पंख’ नाही, ‘पेंग्विन्समधला पंख’ आहे. आरने नव्या तक्त्यातला पंख बघितलाच नाही. तिने जुन्याच पक्ष्यांचे अंदाज पुन्हा काढून दिले. घाईत असलेला विद्यार्थी त्यातला पहिला आकडा उचलतो. तो सुमारे ३२१२ आहे, कारण यादीतल्या पहिल्या पेंग्विनचा पंख १८१ मिलिमीटरचा आहे. जवळजवळ एक किलोची चूक, आणि तीही अशा ओळीमुळे जी आधीच्या पायरीवर अगदी बरोबर चालली होती.

हा विद्यार्थी प्रतीपगमन समजला नाही असे शिक्षकांना वाटू शकते. त्याला ते समजलेले असते. त्याला फक्त कोणी सांगितलेले नसते की टिल्ड आला की डॉलर सोडायचा.

याच डेटातली दुसरी अडचण पहिल्या ओळीतच दबा धरून बसलेली असते. वर दिलेली मीनची कमांड जशीच्या तशी चालवली तर ४२०२ हे उत्तर येतच नाही. एनए असे येते, म्हणजे माहिती उपलब्ध नाही. ३४४ पैकी दोन पेंग्विनांचे वजन नोंदलेले नाही, एक अडेली आणि एक जेंटू. जातवार सरासरी काढली तर फक्त चिनस्ट्रॅपचा आकडा दिसतो, बाकी दोन एनए. रिकाम्या नोंदी वगळ, असे वेगळे सांगावे लागते. त्यासाठी एनए.आरएम = ट्रू असे लिहितात. मात्र एलएम त्याच रिकाम्या नोंदी न विचारता वगळते. जीजीप्लॉट२ दोन ओळी काढल्याचा इशारा देते. टेबल हे मोजणीचे फंक्शन रिकाम्या जागा मुकाट्याने गाळते. म्हणजे सरासरीच्या वेळी आर कडक आणि बाकी वेळी सैल. ही विसंगती भाषेतलीच आहे, शिक्षकाला ती बदलता येणार नाही. पण रिकाम्या नोंदी किती आहेत हे आधी मोजायचे आणि मगच सरासरीला जायचे, असा एकच क्रम प्रत्येक उदाहरणात पाळला तर विद्यार्थी पुढे स्वतःच्या डेटातही तेच करतो. दोन पेंग्विन गळाले तर फार बिघडत नाही. सर्वेक्षणात उत्पन्न न सांगणारे लोक मुकाट्याने गळाले तर निष्कर्षच फिरू शकतो.

बाण, मोकळी जागा आणि इतर बारकावे

मोकळी जागा हा केवळ नीटनेटकेपणाचा विषय वाटतो. आरमध्ये तो तेवढाच नाही. किंमत देण्याचा बाण ‘लहान’चे चिन्ह आणि उणे मिळून होतो. समजा, लेहच्या वर्षभराच्या तापमानाचे ३६५ आकडे ‘ताप’ या नावात साठवले आहेत आणि उणे पाचपेक्षा कमी तापमानाचे दिवस शोधायचे आहेत. विद्यार्थी लिहितो :

ताप<-५

त्याला म्हणायचे आहे, ताप उणे पाचपेक्षा कमी आहे का? आर वाचते, तापला पाच ही किंमत दे. ३६५ आकडे गेले, त्या जागी एक पाच उरला. कोणतीही एरर नाही, इशारा नाही. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडण्याची आणि उणे संख्येला चिकटवून लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून असेल तर ही चूक होतच नाही. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये हाताने कमांड उतरवताना तर जागा हमखास खाल्ली जाते. म्हणून फळ्यावरही ती ठळक सोडायला हवी. आरस्टुडिओ या प्रचलित प्रणालीत ऑल्ट आणि उणे ही कळ दाबली की बाण दोन्ही बाजूंच्या जागेसकट उमटतो. हे पहिल्याच तासाला दाखवलेले बरे, कारण सोयीची सवय टिकते.

किंमत देण्यासाठी बाण वापरावा की बरोबरचे चिन्ह, हा आरवाल्यांचा जुना वाद. २००१ च्या आर १.४.० पासून बरोबरचे चिन्हही चालते. वादात पडण्याचे नवशिक्याला कारण नाही. पण बरोबरचे चिन्ह कंसाच्या आत एक काम करते (फंक्शनला माहिती देणे), तुलना करायची तर ते दोनदा लिहावे लागते, आणि वरून किंमतही देऊ लागले तर एका चिन्हावर फार ओझे होते. या कारणासाठी बाण निवडणे शहाणपणाचे. निवडल्यावर मात्र शेवटच्या तासापर्यंत तोच.

‘खरे’ यासाठी ट्रू हा पूर्ण शब्द लिहायचा की नुसते टी? आळसापोटी बरेच जण टी लिहितात. ट्रू हा राखीव शब्द आहे, त्याचा अर्थ कोणी बदलू शकत नाही. टी हे साधे नाव आहे. कोणी तापमानासाठी टी नाव वापरून त्यात शून्य ठेवले की पुढच्या सगळ्या ठिकाणी टी म्हणजे ‘खोटे’. त्यानंतर एनए.आरएम = टी लिहिले तर रिकाम्या नोंदी वगळल्या जाणार नाहीत आणि का ते शोधण्यात दुपार जाईल.

कॉलमचे नाव अर्धवट लिहिण्याचेही असेच. डॉलरनंतर नावाची पहिली काही अक्षरे दिली तरी साध्या तक्त्यात आर अंदाजाने पूर्ण नाव शोधते. टायडीव्हर्सच्या टिबल नावाच्या तक्त्यात तसे होत नाही, काहीच मिळत नाही. एका वर्गात चाललेली ओळ दुसरीकडे रिकामी पडते. नाव नेहमी पूर्ण लिहायचे, एवढेच शिकवायचे.

मग निवडायची कोणती?

इथे मतभेद खरे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले नॉर्मन मॅटलॉफ आग्रहाने मांडतात की नवशिक्यांना आधी मूळ आर, म्हणजे डॉलर आणि चौकटी कंस, शिकवावे. टायडीव्हर्समध्ये फंक्शने फार आहेत आणि प्रोग्रामिंगची पार्श्वभूमी नसलेल्यांना ती जड जातात, असा त्यांचा आक्षेप आहे. टायडीव्हर्सचे समर्थक उलट म्हणतात की पाइपची ओळ वाक्यासारखी डावीकडून उजवीकडे वाचता येते, फंक्शनांची नावे क्रियापदे आहेत आणि पहिल्याच आठवड्यात खऱ्या डेटावर काम करता येते. मोझेक पॅकेजच्या मागे असलेले रँडल प्रुइम, डॅनियल कॅप्लन आणि निकोलस हॉर्टन सूत्राच्या बाजूचे. त्यांचा साचा एकच : काय करायचे, कशाचे, कशानुसार, कोणत्या डेटात. सरासरी असो, पेटीचा आलेख असो, टी-चाचणी असो की प्रतीपगमन, साचा तोच राहतो आणि फक्त सुरुवातीचे फंक्शन बदलते. आरने काय करावे आणि ते करायला तिला कोणती माहिती लागेल, हे दोन प्रश्न ते विद्यार्थ्याला दर वेळी स्वतःलाच विचारायला लावतात.

वाद नुसता तर्काने सुटणारा नव्हता म्हणून मॅकनमारा यांनी प्रयोग केला. प्राथमिक संख्याशास्त्राच्या दोन प्रात्यक्षिक वर्गांपैकी एक पूर्णपणे सूत्राच्या रीतीने आणि दुसरा पूर्णपणे टायडीव्हर्सने चालवला. सूत्राच्या वर्गाने तयारीचे व्हिडिओ अधिक प्रमाणात पाहिले, पण संगणकावर कमी वेळ घालवला. टायडीव्हर्सच्या वर्गात याच्या उलट. टायडीव्हर्सचा पाठ थोडा लांब झाला आणि फंक्शनेही जास्त लागली. दोनच वर्गांच्या प्रयोगावरून अमुक रीत श्रेष्ठ असा निकाल काढता येत नाही. उपयोगी गोष्ट वेगळीच निघाली. दोन्ही वर्गांचे काम मोजक्याच, सातत्याने वापरलेल्या फंक्शनांवर भागले. सत्रभर पुरेल एवढा शब्दसंग्रह फार मोठा नसतो. तो आधी ठरवून यादी करता येते आणि यादीबाहेरचे फंक्शन फळ्यावर आणण्यापूर्वी दोनदा विचार करता येतो.

अभ्यासक्रमात प्रारूपांवर आणि चाचण्यांवर भर असेल तर सूत्राची रीत अधिक सरळ पडते. डेटा गोळा करून, गाळून, जोडून मांडण्यावर भर असेल तर टायडीव्हर्स. पुढे संगणकशास्त्राकडे जाणाऱ्या मुलांसाठी मॅटलॉफ यांच्या म्हणण्यात वजन आहे. मात्र कोणतीही रीत घेतली तरी ती शंभर टक्के शुद्ध राहत नाही. टायडीव्हर्सच्या वर्गालाही एलएमसाठी टिल्ड लागतोच. सूत्राच्या वर्गालाही केव्हातरी फक्त जेंटू पेंग्विन गाळून घ्यावे लागतात आणि ते काम सूत्र करत नाही. सीमा ओलांडायची जागा आधी ठरवून ती उघड सांगितली तर बिघडत नाही : डेटा तयार करताना पाइप, प्रश्न विचारताना टिल्ड. विद्यार्थ्याला दोन रीती चालतात, पण कोणती कुठे हे त्याला माहीत हवे.

महाविद्यालयात एकच विषय दोन-तीन शिक्षक वाटून घेतात तेव्हा हे अवघड होते. एकाचा डॉलर, दुसऱ्याचा पाइप आणि परीक्षेला तिसऱ्याचीच प्रश्नपत्रिका. सत्राच्या आधी अर्धा तास एकत्र बसून एक पानभर नियम ठरवणे एवढाच त्यावर उपाय आहे. यंत्राची मदतही घेता येते. स्टायलर हे पॅकेज लिहिलेला कोड ठरलेल्या मांडणीत आपोआप बसवते, लिंटर नियम मोडलेल्या जागा दाखवते. शिक्षकांनी आपल्या जुन्या नोट्स वाटण्याआधी त्या एकदा स्टायलरमधून काढल्या तरी बराच फरक पडतो. रीत बदलण्याचे काम मात्र ती पॅकेजेस करत नाहीत. डॉलरचा टिल्ड माणसालाच करावा लागतो.

दुसरी रीत कधी दाखवायची?

कधीतरी दाखवावीच लागते. विद्यार्थी अडला की इंटरनेटवर शोधतो किंवा एखाद्या चॅटबॉटला विचारतो, आणि समोर येणारे उत्तर कोणत्याही रीतीचे असू शकते. अनेकदा एकाच उत्तरात तिन्ही रीती असतात, कारण इंटरनेटवरचा आर असाच मिसळलेला आहे. तिथून उचललेली ओळ विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि वरच्या प्रेडिक्टसारखे प्रकार घडतात. म्हणून दुसरी रीत लिहायला शिकवण्याच्या बरीच आधी ती ओळखायला शिकवावी. डॉलर दिसला की ही एक, टिल्ड आणि ‘डेटा =’ दिसले की ही दुसरी, पाइप दिसला की तिसरी. पाच मिनिटांचे काम आहे. मदत मागतानाही ‘सूत्राच्या रीतीने सांग’ असे म्हणता आले की उत्तर कामाचे मिळते.

लिहिण्याचा सराव सत्राच्या शेवटी. तोवर पेंग्विनांचे सरासरी वजन, जातवार आलेख, पंख आणि वजनाची रेषा ही उत्तरे विद्यार्थ्यांना पाठ झालेली असतात. मग तीच उदाहरणे दुसऱ्या रीतीत लिहायला द्यायची. उत्तर आधीच माहीत असल्याने लक्ष फक्त लिहिण्यावर राहते, आणि आकडा जुळला नाही तर चूक लिहिण्यातच आहे हे विद्यार्थ्याला कोणी सांगावे लागत नाही.